उत्तर येणार म्हटलं की मूल लिहितं : वर्गातल्या पत्रमैत्रीची सोपी पद्धत

बदलापूर : "आज आपण पावसावर लिहू या," असं बाईंनी म्हटलं की दुसरी-तिसरीच्या वर्गातून पहिला प्रश्न हमखास येतो, "बाई, किती ओळी?" पाच ओळी सांगितल्या की पाचच येतात. पावसाळा हा ऋतू आहे, पावसाळ्यात पाऊस पडतो, मला पावसाळा आवडतो. तीस वह्यांत तीच वाक्यं. खरं तर हीच मुलं मधल्या सुट्टीत पावसाबद्दल तासभर बोलतील. पाणी कुठवर आलं, कुणाची चप्पल वाहून गेली, शाळा सुटल्यावर कोण किती भिजलं, सगळं सांगतील. मग वहीत ते का उतरत नाही?

कारण साधं आहे. वहीतलं लिखाण वाचणारी एकच व्यक्ती असते, आणि ती लाल पेन घेऊन वाचते. बाईंना पाऊस माहीतच असतो, त्यांना सांगण्यासारखं मुलाकडे काही नसतं. चुका मात्र त्या शोधणार हे मुलाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते जेवढं बिनचूक येतं तेवढंच लिहितं आणि पेन्सिल खाली ठेवतं.

यावर एक जुना, स्वस्त आणि कुठल्याही शाळेला जमणारा उपाय आहे, तो म्हणजे दोन शाळांमधली पत्रमैत्री. एका वर्गातल्या मुलांनी दुसऱ्या गावातल्या त्याच वयाच्या मुलांना पत्रं लिहायची, तिकडून उत्तरं यायची, पुन्हा लिहायचं. वाचणारं कुणीतरी खरं आहे, त्याला आपलं गाव माहीत नाही आणि ते उत्तर देणार आहे, एवढ्या तीन गोष्टी जमल्या की लिहिण्याचं कारण मुलाला आपोआप मिळतं.

हेंद्रेपाड्याचा पूर, शहापूरचा टँकर

आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. बदलापूर पश्चिमेचा हेंद्रेपाडा. उल्हास नदी फुगली की बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात पाणी शिरतं, हे इथल्या लोकांना नवं नाही. 26 जुलै 2005 चा पूर घरोघरी आठवणीत आहे. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तेही सगळ्यांनी पाहिलंय. आज तिसरीत असलेल्या मुलाने यातलं काहीच पाहिलेलं नाही. पण घरी आजीला विचारलं तर ती पुराच्या रात्री सामान कसं माळ्यावर चढवलं ते सांगेल.

दुसरीकडे शहापूर तालुका. भातसा, तानसा, वैतरणा अशी मुंबईला पाणी देणारी धरणं याच भागात. तरी एप्रिल-मे उजाडला की तिथल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तिथल्या मुलीला हंडा घेऊन रांगेत उभं राहणं माहीत आहे. घरात पाणी शिरतं म्हणजे काय होतं, ते तिला माहीत नाही.

या दोन मुलांनी एकमेकांना पाण्याबद्दल लिहिलं तर? "तुमच्याकडे पाणी घरात येतं, मग तुम्ही झोपता कुठे?" असं तिने विचारलं की हेंद्रेपाड्याच्या मुलाला उत्तर द्यावंच लागतं. त्यासाठी तो आजीला विचारेल, आठवेल, चित्र काढेल. पाच ओळींची अट इथे कुणाला आठवणारही नाही. 'पाणी' हाच विषय निबंधात दिला असता तर दोघांनीही 'पाणी हे जीवन आहे' इथपासूनच सुरुवात केली असती.

ही कल्पना नवी नाही

फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी 1920 च्या दशकात खेड्यातल्या आपल्या शाळेत छोटा छापखाना आणला. मुलं स्वतःच्या गावाबद्दल लिहायची, छापायची आणि ती पानं दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवायची. तिकडूनही तशीच पानं यायची. पुढे ही पद्धत अनेक देशांतल्या शाळांत पोचली. मुलाच्या लिखाणाला खरा वाचक मिळाला पाहिजे, हा तिचा गाभा.

आपल्याकडेही पत्राची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत. एका मोठ्या माणसाने लहान मुलीला किती मोकळेपणाने, किती गोष्टी सांगत लिहावं, याचा तो नमुना आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या पुढाकाराने 1986 मध्ये सुरू झालेल्या कमला निंबकर बालभवन शाळेने मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं यावर भर दिला. आपल्या शेजारच्या वाडा तालुक्यात सोनाळे इथून काम करणारी 'क्वेस्ट' ही संस्थाही लहान मुलांच्या भाषाशिक्षणावर काम करते.

सरकारी पातळीवरही पत्रलेखनाचे उपक्रम होतात. टपाल खात्याची 'ढाई आखर' स्पर्धा 2017 पासून घेतली जाते. डिसेंबर 2021 मध्ये 'आझादी का अमृत महोत्सव' निमित्ताने चौथी ते बारावीच्या मुलांकडून पंतप्रधानांना पोस्टकार्डं लिहून घेण्यात आली. जागतिक टपाल संघटना 1971 पासून मुलांची आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेते. हे उपक्रम चांगलेच आहेत. पण त्यांत विषय वरून ठरलेला असतो, बक्षीस मोजक्यांना मिळतं, आणि प्रत्येक मुलाला उलट टपाली उत्तर येत नाही. लहान मुलाला उत्तराचीच जास्त ओढ असते. म्हणून स्पर्धेत भाग घ्यावा, पण पत्रमैत्रीची जागा ती घेऊ शकत नाही.

सुरुवात कशी करायची?

जोडीदार शाळा शोधणं सर्वांत सोपं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षक भेटतात, तिथे विषय काढावा. ओळखीचे, बदली होऊन गेलेले शिक्षकही मदत करतात. शाळा दूरची असायला हवी असं नाही, पण गाव वेगळं वाटलं पाहिजे. बदलापुरातल्या वर्गाने मुरबाड, शहापूर किंवा वाड्यातल्या वर्गाशी जोडी जमवली तर सांगायला आणि विचारायला दोघांकडे भरपूर असतं.

पटसंख्या सारखी नसली तरी अडत नाही. पाड्यावरच्या शाळेत आठ मुलं आणि इकडच्या वर्गात बत्तीस असतील तर चार-चारचे गट करावेत. गटाने मिळून एक पत्र लिहायचं. आठ मुलांवर बत्तीस उत्तरांचा बोजा टाकू नये.

पहिलं पत्र सगळ्या वर्गाचं असावं. मुलं सांगतील, बाई किंवा सर फळ्यावर लिहितील. आम्ही कोण, आमची शाळा कशी, आमच्याकडे काय आहे, तुमच्याकडे काय आहे? पत्र म्हणजे तारीख, गाव, 'प्रिय', मजकूर आणि शेवटी नाव, हा साचा मुलांना यातूनच कळतो. वेगळा तास घेऊन 'मायना' शिकवत बसावं लागत नाही.

दुसऱ्या पत्रापासून प्रत्येकाने आपापलं लिहावं. लिहिण्याआधी पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा माराव्यात. "तिला आपली कुठली गोष्ट सांगायची?" "तिला काय विचारायचं?" बोलून झालेलं लिहिणं मुलांना सोपं जातं. प्रत्येक पत्रात एक बातमी आणि एक प्रश्न, एवढा एकच नियम पुरे. प्रश्न असला की समोरच्याला उत्तर द्यायला जागा मिळते.

पहिलीची मुलंही यात येऊ शकतात. त्यांनी चित्र काढावं आणि त्याखाली येईल तसं नाव किंवा एखादा शब्द लिहावा. बाकी वाक्य ते सांगतील तसं बाईंनी लिहून द्यावं, शब्द बदलू नयेत.

दुसरीतल्या मुलाचं पत्र साधारण असं असलं तरी उत्तम समजावं :

"प्रिय मित्रा, काल लय पाउस पडला. आमच्या गल्लीत पानी आलं. मी कागदाची होडी सोडली ती गटारात गेली. आजी ओरडली. तुझ्याकडे नदी आहे का? तिचं नाव काय?"

'पानी' लिहिलं तर काय करायचं?

शिक्षक आणि पालक इथेच अडतात. अशुद्ध पत्र दुसऱ्या शाळेत पाठवलं तर शाळेचं नाव जाईल, अशी भीती वाटते. मग बाई मजकूर फळ्यावर लिहून देतात, मुलं सुवाच्य अक्षरात उतरवतात आणि तीस सारखी पत्रं रवाना होतात. समोरच्या वर्गाला पहिल्या दोन पत्रांतच ते कळतं. उपक्रम तिथेच संपतो.

वरच्या नमुन्यात 'पाउस' ऱ्हस्व आहे, 'पानी' चुकलंय, 'लय' बोलीतलं आहे. पण तीनही गोष्टी सारख्या नाहीत. आगरी बोलणाऱ्या घरात 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. पानी, शाला असंच मूल रोज ऐकतं. ते ऐकलं तसं लिहितं, म्हणजे त्याचा कान नीट काम करतो. याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. कातकरी, ठाकरी, वारली बोलणाऱ्या किंवा घरी हिंदी, गुजराती, सिंधी असलेल्या मुलांचंही तसंच. 'लय' तर चूकच नाही, मित्राला लिहिताना ते शोभतंच.

मग शुद्धलेखन सोडून द्यायचं का? मुळीच नाही. फक्त वेळ आणि जागा बदलायची.

एक, पत्रावर लाल पेन चालवायचं नाही. पत्र ही मुलाची वस्तू आहे. दोन, पाठवण्याआधी शेजारच्या मुलाने पत्र मोठ्याने वाचायचं. जिथे तो अडखळेल तिथे लिहिणाऱ्याने स्वतः दुरुस्त करायचं. "त्याला वाचता येत नाही, मग तिकडच्याला कसं येईल?" हे कारण मुलाला लगेच पटतं. तीन, बाईंनी बहुतेकांच्या सारख्या चुका आपल्या वहीत टिपून ठेवायच्या आणि पुढच्या आठवड्यात त्यातल्या दोन-तीनच घेऊन शिकवायचं. आज फक्त पाणी, लोणी, आणि. नंतर कधीतरी ऱ्हस्व-दीर्घ. चार, तिसरी-चौथीत कच्चं आणि पक्कं अशी दोनदा लिहिण्याची सवय लावता येते, पण तीही मुलाला स्वतःहून पत्र नीट करावंसं वाटलं तर.

घरी पालकांनीही हेच पाळावं. मुलाने पत्र दाखवलं तर आधी मजकुराबद्दल बोलावं. "होडी गटारात गेली? मग काय केलंस?" असं विचारलं तर ते आणखी दोन ओळी लिहील. "पाऊस असा लिहितात का रे?" म्हटलं तर पुढच्या वेळी दाखवायचंच बंद करेल.

पोस्टात जाणं हाही धडाच

खर्चाचं म्हणाल तर तो नगण्य आहे. साधं पोस्टकार्ड 50 पैशांना, आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना मिळतं. तीस मुलांची पोस्टकार्डं 15 रुपयांत होतात. पोस्टकार्डाची जागा छोटी असल्यामुळे नव्याने लिहू लागलेल्या मुलाला ते भरल्याचं समाधानही मिळतं. चित्रं काढायची असतील तर अर्ध्या कागदावर लिहून सगळी पत्रं एका पाकिटात घालावीत. साध्या टपालात 20 ग्रॅमला 5 रुपये पडतात. अर्ध्या कागदाची तीस पत्रं पाकिटासह साधारण 80 ग्रॅम भरतात, म्हणजे 20 रुपयांची तिकिटं.

पत्रं टाकायला शक्यतो मुलांनाच पोस्टात न्यावं. भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला सुरू झालं, तेव्हा ते पाव आण्याला मिळे. आज अनेक मुलांनी ते हातातही धरलेलं नसतं.

पत्ता लिहिताना पिनकोडची गंमत सांगता येते. ही सहा आकडी पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती आखण्याचं श्रेय जातं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाकडे. टपाल खात्यातले ते अधिकारी संस्कृतचेही विद्वान होते. पहिला आकडा मोठा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचा आकडा 4. पहिले तीन आकडे मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस सांगतात. अंबरनाथ 421501, बदलापूर 421503, मुरबाड 421401, शहापूर 421601, वाडा 421303. सगळ्यांची सुरुवात 421 ने का होते, हे मुलांना शोधू द्यावं. भूगोल आणि गणित दोन्ही त्यात आलं.

मोबाइलवर फोटो काढून पत्र पाठवता येत नाही का? येतं, आणि टपाल रखडलं तर तो मार्ग ठेवावा. पण व्हॉट्सअॅपवर आलेलं पत्र शिक्षकाच्या फोनमध्ये राहतं. कागदाचं पत्र मुलाच्या दप्तरात राहतं, घरी जातं, आजीला वाचून दाखवलं जातं. लिहिणाऱ्या हाताचं अक्षर, खोडलेला शब्द, कोपऱ्यातलं फूल त्याला पुन्हा पुन्हा पाहता येतं.

उत्तर न आलं तर?

पत्रमैत्री बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. तीसपैकी सव्वीस मुलांना पत्र आलं आणि चौघांना नाही, तर त्या चौघांच्या दृष्टीने सगळा उपक्रम फसला. म्हणून दोन्ही शिक्षकांनी आधीच ठरवावं की पाकीट बंद करण्यापूर्वी यादी तपासायची. कुणी गैरहजर असेल तर गटातल्या मित्राने किंवा बाईंनी स्वतः त्या मुलाला चार ओळी लिहायच्या. रिकाम्या हाताने कुणीच राहता कामा नये.

वेळापत्रकही झेपेल असं असावं. वर्षात चार-पाच फेऱ्या पुरेत. जुलैत पाऊस आणि भातलावणी, मग गणपती, दिवाळीची सुट्टी, जानेवारीत गावच्या जत्रा. मुरबाडच्या मुलांकडे म्हशाच्या जत्रेच्या गोष्टी असतीलच. एप्रिलमध्ये उन्हाळा, पाणी आणि निरोपाचं पत्र. 9 ऑक्टोबरचा जागतिक टपाल दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन यांच्या आसपास एक फेरी ठेवली तर शाळेच्या कार्यक्रमाशीही मेळ बसतो. वर्षअखेरीस शक्य असेल तर दोन्ही वर्गांची एकत्र सहल काढावी. नाही जमलं तर एक व्हिडिओ कॉलही चालेल.

काही पथ्यं

मुलांची पत्रं शाळेच्या पत्त्यावरच जावीत आणि शाळेतच यावीत. घरचा पत्ता, फोन नंबर, फोटो पत्रात नको. पोस्टकार्ड उघडं असतं, त्यामुळे मुलाचं पहिलं नाव आणि इयत्ता एवढंच पुरे. आलेली पत्रं वाटण्याआधी शिक्षकांनी एकदा नजरेखालून घालावीत.

कधी कधी पत्रात मूल असं काही लिहून जातं जे ते बोललेलं नसतं. घरात मारहाण होते, कुणाची तरी भीती वाटते. असं पत्र वर्गात वाचून दाखवू नये आणि गुपचूप बाजूलाही टाकू नये. मुलाशी एकट्याने, शांतपणे बोलावं, मुख्याध्यापकांना सांगावं आणि गरज असेल तर चाइल्डलाइनच्या 1098 या क्रमांकावर मदत घ्यावी.

शहरातली शाळा आणि पाड्यावरची शाळा अशी जोडी असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. ही मदत मोहीम नाही. इकडच्यांनी वह्या-खाऊ पाठवायचा आणि तिकडच्यांनी आभाराचं पत्र लिहायचं, असं झालं की मैत्री संपली. दोघांनी सांगायचं, दोघांनी विचारायचं. बदलापूरच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी बोलता येतं पण चार ओळी लिहिताना घाम फुटतो. आता सर्व शाळांत मराठी सक्तीचं आहे, पण नुसत्या सक्तीने हात चालत नाही. पाड्यावरच्या मित्राचं मराठी पत्र आलं तर त्याला उत्तर मराठीतच द्यावं लागेल. इथे शिकवणारा पाड्यावरचा मुलगा असेल.

जाणाऱ्या मुलांसाठी

दिवाळीनंतर अंबरनाथ, मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. मूलही बरोबर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो, वाचन-लेखन मागे पडलेलं असतं आणि शाळेत परत यायची लाज वाटू लागते. अशा मुलासाठी सर्वांत आधी त्याच्याच वर्गाने पत्रं लिहावीत. नातेवाइकाच्या हाती, भट्टीजवळच्या शाळेच्या पत्त्यावर, जशी जमतील तशी. सोबत एक कोरं पोस्टकार्ड पत्ता लिहून ठेवावं. तिकडून दोन ओळी आल्या तरी पटावरचं ते नाव वर्गाच्या बोलण्यात राहतं आणि परत येताना मुलाचा पाय अडखळत नाही.

निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, लिहिता यावं, साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट आणि त्यासाठी 2026-27 ची मुदत. चाचण्या, तक्ते, नोंदी हे सगळं शाळा करतच आहेत. त्यात आठवड्यातला एक तास पत्रासाठी काढला तर वेगळा निधी लागत नाही, वेगळं प्रशिक्षणही लागत नाही. लागतात दोन शिक्षक, पन्नास पैशांची कार्डं आणि उत्तर पाठवण्याची शिस्त.

पत्रमैत्री रुजतेय का, हे ओळखायची खूण सोपी आहे. वर्गात "किती ओळी?" हा प्रश्न बंद होतो आणि त्याऐवजी विचारलं जातं, "बाई, आपली पत्रं आली का?"